नास्तिकांशी जाहीर वाद : श्रद्धेचे समर्थन कसे करावे?

‘देव आहे काय?’ हा प्रश्न आज महाविद्यालयांतील वादविवाद स्पर्धांत, व्याख्यानमालांत आणि वृत्तवाहिन्यांवरील चर्चांत उघडपणे विचारला जातो. महाराष्ट्राला तो नवा नाही. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केले, त्याही आधीपासून बुद्धिप्रामाण्यवादाची सशक्त परंपरा मराठी समाजात नांदत आली आहे. आपली मुले याच समाजात शिकतात व नोकरी करतात. असा प्रश्न समोर आला की आपल्यापैकी अनेक जण एक तर गप्प बसतात, नाही तर संतापतात. दोन्हींचा परिणाम एकच होतो : यांच्याजवळ उत्तर नाही, असा ऐकणाऱ्यांचा समज होतो. म्हणून या विषयावरील ख्रिस्तसभेची शिकवण व परंपरा येथे थोडक्यात मांडत आहोत.

पवित्र शास्त्राचा आधार

संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५-१६) सांगतो की, आपल्या ठायी असलेल्या आशेचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास आपण सदैव सिद्ध असावे. ‘उत्तर’ यासाठी मूळ ग्रीक भाषेत ‘अपोलोगिया’ हा शब्द आहे. न्यायालयात आपली बाजू मांडण्यासाठी तो वापरला जाई. मात्र पेत्र लगेच एक अट घालतो : हे उत्तर सौम्यतेने व आदराने द्यावे. छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांना ही आज्ञा दिलेली आहे, हे विसरता कामा नये.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ मध्ये संत पौल अथेन्समधील तत्त्वज्ञांसमोर उभा राहतो. तो मोशेच्या नियमशास्त्रापासून आरंभ करीत नाही, तर श्रोत्यांच्याच नगरातील एका वेदीचा आणि त्यांच्याच कवींचा दाखला देतो. फळ काय मिळाले? काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा ऐकू असे म्हटले, तर दिओनुस्य, दामारी आणि इतर थोड्यांनी विश्वास ठेवला. जाहीर वादातून याहून अधिक अपेक्षा आपणही करू नये.

ख्रिस्तसभेची शिकवण

पहिल्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८७० साली शिकवले की, निर्माण केलेल्या वस्तूंवरून परमेश्वराचे अस्तित्व मानवी बुद्धीच्या प्रकाशात निश्चितपणे जाणता येते. तेव्हा ‘श्रद्धेला कारणे नसतात’ असे म्हणून वाद टाळणे ही कॅथलिक भूमिका नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली ‘श्रद्धा आणि बुद्धी’ या परिपत्रकात हाच विचार विस्ताराने मांडला.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या १९६५ सालच्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजातील १९ ते २१ हे परिच्छेद नास्तिकतेविषयी आहेत. नास्तिकता एकाच प्रकारची नसते, असे तेथे म्हटले आहे. कोणी देवाला स्पष्ट नाकारतो, कोणी त्याविषयी काहीच सांगता येत नाही असे मानतो, तर कोणी जगातील दुष्टाईच्या निषेधार्थ त्याला नाकारतो. पुढे परिषद असेही सांगते की, नास्तिकतेच्या वाढीला श्रद्धावंतांचे सदोष शिक्षण व सदोष आचरणही काही अंशी कारणीभूत असू शकते. म्हणून वादाला उभे राहण्यापूर्वी आत्मपरीक्षण आवश्यक ठरते.

संत थॉमस अक्विनास यांची पद्धत

तेराव्या शतकात संत थॉमस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’मध्ये ‘देव आहे काय?’ हा प्रश्न घेतला, तेव्हा आरंभी विरोधी पक्षाचे दोन आक्षेप मांडले. पहिला : देव अनंत चांगुलपणा असेल तर दुष्टाई असूच नये, परंतु ती आहे. दुसरा : जगातील सर्व गोष्टींचा उलगडा निसर्ग व मानवी बुद्धी यांच्याद्वारे होतो, मग देवाची गरज काय? आजचा नास्तिक वक्ता याहून फारसे वेगळे बोलत नाही. आक्षेप प्रामाणिकपणे मांडल्यानंतरच थॉमस आपले सुप्रसिद्ध पाच मार्ग सांगतात. विरोधकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता येत नसेल, तर उत्तर देण्याची वेळ अजून आलेली नाही, असे आम्हांस वाटते.

१९४८ सालचा एक आदर्श वाद

२८ जानेवारी १९४८ रोजी बीबीसीच्या नभोवाणीवर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि येशूसंघीय धर्मगुरू फ्रेडरिक कोपल्स्टन यांच्यात देवाच्या अस्तित्वाविषयी वाद झाला. फादर कोपल्स्टन यांनी प्रथम ‘देव’ या शब्दाची व्याख्या पुढे ठेवली व ती रसेल यांना मान्य आहे का, हे विचारून घेतले. मग त्यांनी मुद्दा मांडला : जगातील प्रत्येक वस्तू आपल्या अस्तित्वासाठी दुसऱ्यावर अवलंबून आहे, मग या सर्वांच्या अस्तित्वाचे पुरेसे कारण कोठे आहे? संपूर्ण विश्वाला असे कारण शोधण्यात अर्थ नाही, असे रसेल यांचे उत्तर होते. शेवटी दोघेही आपापल्या मतावर ठाम राहिले. पण त्या संवादात कोणी कोणाचा उपमर्द केला नाही. म्हणूनच तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आजही तो वाद अभ्यासतात.

नेहमीचे तीन आक्षेप

विज्ञान : विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत १९२७ साली मांडणारे व पुढे महास्फोट सिद्धांताचे जनक मानले गेलेले जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. परंतु हा सिद्धांत म्हणजे देवाच्या अस्तित्वाचा पुरावा, असे त्यांनी कधी म्हटले नाही. विज्ञान घटना कशी घडते ते सांगते. मुळात काहीही अस्तित्वात का आहे, हा प्रश्न वेगळा आहे. विज्ञानाला आज न सुटलेल्या कोड्यांवर श्रद्धेची इमारत उभारू नये. उद्या कोडे सुटले की इमारत कोसळते.

दुःख : हा सर्वांत गंभीर आक्षेप होय. त्याला चुटकीसरशी उत्तर देऊ नये, कारण सभागृहात मूल गमावलेली माता बसलेली असू शकते. ईयोबाच्या मित्रांनी दुःखाची कारणे सांगितली आणि देवाने त्यांनाच दोष दिला. स्वातंत्र्याविषयीचे युक्तिवाद अवश्य मांडावेत. पण आपले अखेरचे उत्तर म्हणजे वधस्तंभावरील ख्रिस्त आहे.

इतिहास : गॅलिलिओवरील १६३३ सालचा खटला, धर्मन्यायालये, अलीकडची बाललैंगिक अत्याचारांची प्रकरणे यांविषयी सारवासारव करू नये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली गॅलिलिओच्या बाबतीत झालेली चूक मान्य केली आणि १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या पुत्रकन्यांच्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. सत्य कबूल केल्याने श्रद्धा दुबळी होत नाही.

मुंबईतील २०१२ सालचे प्रकरण

मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या विलेपार्ले परिसरातील इर्ला येथे एका क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविकांची गर्दी झाली. बुद्धिवादी सनल इडमारुकू यांनी पाहणी करून, तुंबलेल्या सांडपाण्याचे पाणी भिंतीतून झिरपत असल्याचे सांगितले. दूरचित्रवाणीवरील चर्चेत त्यांनी ख्रिस्तसभेवर कठोर आरोपही केले. काही कॅथलिकांनी त्यांच्याविरुद्ध तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ खाली पोलिसांत तक्रारी केल्या. त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले.

भावना दुखावल्या होत्या, हे खरे. कठोर आरोप खोडून काढणेही आवश्यक होते. परंतु ख्रिस्तसभेने त्या घटनेला चमत्कार म्हणून मान्यता दिलेली नव्हती. मग पाण्याच्या चौकशीचे आपणच स्वागत करायला नको होते काय? लूर्द येथे बरे झाल्याचे ७,००० हून अधिक दावे नोंदले गेले. डॉक्टरांच्या कसून तपासणीनंतर त्यांतील केवळ सत्तरहून थोड्या अधिक घटनांना ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्यता दिली. ही परंपरा लोकांसमोर ठेवणे हेच प्रभावी उत्तर ठरले असते. पोलीस ठाण्यात वाद जिंकला, तरी सत्य सिद्ध होत नाही.

वादाला जाताना

१. विषय व शब्दांच्या व्याख्या आधी निश्चित कराव्यात. अंधश्रद्धेला विरोध करणारा प्रत्येक जण नास्तिक असतो असे नाही.

२. बुद्धीने दाखवता येणाऱ्या गोष्टी व प्रकटीकरणाने कळणाऱ्या गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पवित्र त्रैक्य हे तर्काने सिद्ध करण्याचे रहस्य नव्हे.

३. बायबल न मानणाऱ्यासमोर केवळ बायबलच्या वचनांचा मारा करू नये.

४. नास्तिक माणूस नीतिहीन असतो, असे कधीही म्हणू नये. परराष्ट्रीयांच्याही अंतःकरणात नियम लिहिलेला आहे, असे संत पौलच सांगतो (रोम २:१४-१५).

५. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगावे, अभ्यास करावा आणि पुन्हा भेटावे.

६. पुरेशी तयारी नसल्यास व्यासपीठाचे निमंत्रण नम्रपणे नाकारावे.

व्यासपीठावरील प्रतिस्पर्धी एका संध्याकाळीच मत बदलेल, असे क्वचित घडते. मात्र मागच्या रांगेत एखादा तरुण बसलेला असतो. त्याचा विश्वास डळमळलेला असतो आणि ते त्याने घरी कोणाला सांगितलेले नसते. आपला युक्तिवाद तो कदाचित विसरेल. आपण विरोधकाशी कसे वागलो, हे तो विसरणार नाही. त्याच्यासाठी अभ्यास करावा, त्याच्यासाठी जिभेवर संयम ठेवावा. आणि ज्याच्याशी वाद घालायचा आहे, त्याचे नाव घेऊन आधी प्रार्थना करावी.