निमरूदच्या वृषभाचा प्रवास

बदलीच्या नोकरींत ज्यांचें आयुष्य गेलें आहे, त्यांना सामानाच्या बांधाबांधीचें शास्त्र कोणी शिकवावें लागत नाहीं. लोणच्याची बरणी गवतांत बसवितांना ती घट्ट बसली पाहिजे, पण बरणीला बरणी लागतां कामा नये, हें घरांतील वडीलधाऱ्या बायका पुस्तकावांचून जाणतात. परंतु बरणीच्या जागीं दहा फूट उंचीचा पाषाणवृषभ असला, आणि जवळ ना यारी, ना सडक, ना आगगाडी, अशी स्थिति असली म्हणजे काय करावें? ऑस्टिन हेन्री लेयर्ड या इंग्रजापुढें १८४७ च्या वसंत ऋतूंत हाच प्रश्न उभा राहिला होता.

तैग्रिस नदीकांठीं, मोसूलच्या दक्षिणेस, निमरूद येथील टेकाडांत लेयर्डनें नोव्हेंबर १८४५ मध्यें खोदकामास आरंभ केला. थोड्याच दिवसांत असुर राजांच्या वाड्यांच्या भिंती, त्यांवरील युद्धाचीं व मृगयेचीं शिल्पें आणि दारांशीं उभे असलेले मनुष्यमुखी, पंखयुक्त सिंह व वृषभ उजेडांत आले. त्यांचा दगड तेथल्याच भागांतला, जिप्समाच्या जातीचा. तो कोरण्यास जितका मऊ, तितकाच वाहतुकीस वाईट. ठोका लागला तर त्याचा टवका उडतो आणि पाण्यांत दीर्घकाळ राहिला तर तो झिजत जातो. अशा दगडाचा जो मार्ग होता, तो सगळा नदींतून व समुद्रांतून जाणारा होता.

भिंतींवरील शिलापट्टांच्या बाबतींत लेयर्डनें जो उपाय केला, तो आजच्या पुराणवस्तुशास्त्रज्ञांस मानवणार नाहीं. शिल्प पुढल्या अंगास असतें, मागचा दगड केवळ भार होय, असें ठरवून त्यानें पट्टांची पाठ कापून त्यांची जाडी कमी केली. पुष्कळ पट्टांच्या मधोमध कीलाक्षरांचा एक लेख होता. तोच मजकूर पट्टापट्टांवर पुन्हां पुन्हां कोरलेला असल्यामुळें कित्येक ठिकाणीं तो भागही कापून टाकण्यांत आला. मग चटया व लोकरीचे नमदे गुंडाळून ते पट्ट लांकडी पेट्यांत बसविले. लेखाच्या नकला लेयर्डजवळ होत्या, हें खरें; तरी पण ज्या राजानें हें सारें कोरविलें, त्याच्या नांवाचाच दगड ओझें म्हणून टाकून दिला जावा, हा प्रकार मनाला लागतो. सामान बांधणारा काय टाकतो, यावरही पुढच्या पिढ्यांचें ज्ञान अवलंबून असतें.

मोठ्या मूर्तींची गोष्ट निराळी. म्यूझियमच्या विश्वस्तांकडून मिळालेला पैसा तुटपुंजा होता, आणि या मूर्ति तूर्त मातींत पुरून ठेवाव्या, अशी त्यांची सूचना होती. लेयर्डला तें पटेना. सांपडलेल्या तेरा जोड्यांपैकीं त्यानें त्यांतल्या त्यांत लहान असा एक वृषभ व एक सिंह निवडला, आणि त्यांचे तुकडे करावयाचे नाहींत, असा निश्चय केला. खोर्साबाद येथें फ्रेंच वकील बोत्ता यानें बैल करवतीनें कापून नेले होते. मोसूलच्या सुतारांनीं तुतीच्या लांकडाचीं भरीव चाकें केलीं. बोत्ताच्याच कामावरचे लोखंडी आंस हातीं आले. दोर आलेप्पोहून मागविले. वृषभापासून टेकाडाच्या कडेपर्यंत सुमारें २०० फूट लांबीचा खोल चर खणला.

उभ्या मूर्तीस आडवें करणें, हा त्यांतला सर्वांत कठीण प्रसंग. तिला नमदे व चटया गुंडाळल्या, दोर आवळले, खालीं लांकडी रूळ मांडले, आणि मजूर दोर हळूहळू सैल सोडूं लागले. कोरडे दोर करकरूं लागले, म्हणून त्यांवर पाणी ओतण्यांत आलें. मूर्ति रुळांपासून चार-पांच फुटांवर आली, तोंच दोर तुटले. वृषभ खालीं आदळला, दोर धरणारे एकमेकांवर पडले, आणि धुळीच्या ढगांत कांहीं दिसेना. लेयर्ड चरांत धांवत गेला. पाहतो तों मूर्ति जेथें यावयाची तेथेंच नेमकी पडलेली, आणि अंगावर एक चीरही नाहीं! यांत दैवाचा भाग किती व नमद्यांचा किती, तें सांगणें अवघड आहे. माझ्या मतें नमद्यांचें श्रेय थोडें नसावें. सिंहाला तर आधींच तडे गेलेले होते. त्याच्या वेळीं दोर दुप्पट करण्यांत आले आणि तो सुखरूप उतरला.

पुढें सुमारें ३०० माणसांनीं गाडा नदीकडे ओढला. वाटेंत चाकें रुतून एक रात्र तो तसाच उभा ठेवावा लागला. त्या रात्रीं दोर व नमदे यांच्या लोभानें लुटारू आले, आणि एक गोळी वृषभाच्या कुशींत लागून तिचा खळगा पडला. चोरांना मूर्ति नको होती, तिचें पांघरूण हवें होतें. त्या प्रदेशांत किंमत कशाला होती, तें यावरून समजतें.

तैग्रिसवरचे तराफे हें एक नवलच. मेंढ्या-बकऱ्यांचीं कातडीं फुगवून त्यांवर लांकडांचा सांगाडा बांधावयाचा, माल बगदादला पोंचला कीं लांकूड तेथें विकून टाकावयाचें, आणि कातडीं गाढवांवर लादून परत आणावयाचीं, अशी जुनी वहिवाट होती. मोसूलचे नावाडी बगदादच्या पुढें बसऱ्यापर्यंत जाण्यास तयार होईनात. अखेर कर्जांत बुडालेला, तुरुंगाच्या भीतीनें त्रस्त झालेला बगदादचा एक तराफेवाला कबूल झाला. प्रत्येक तराफ्याला ६०० कातडीं लागलीं. नदीच्या कांठावर तराफ्याच्या उंचीचा कट्टा करून, चरबी लावलेल्या तुळयांवरून मूर्ति सरकवीत तराफ्याच्या बरोबर मध्यावर आणल्या. कारण भार एका बाजूस गेला असता तर सारेंच उलटलें असतें. एप्रिल १८४७ मध्यें तराफे निघाले आणि बसऱ्यास नीट पोंचले. लंडन गांठावयास मात्र १८५० साल उजाडलें.

आतां आपल्या मुंबईचा संबंध. निमरूदच्या पुष्कळ पेट्या बसऱ्याहून आधीं मुंबईस येत, आणि तेथून इंग्लंडला जात. त्यांपैकीं लहान वस्तूंच्या पेट्या मुंबईंत कोणाच्याही अधिकृत परवानगीवांचून उघडण्यांत आल्या आणि पुरेशी काळजी न घेतां लोकांना दाखविण्यांत आल्या. पुन्हां बांधतांना तर इतकी हयगय झाली कीं, वस्तूंना बराच अपाय पोंचला आणि संग्रहांतील अत्यंत मोलाचे कांहीं नमुने नाहींसे झाले. १८४९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत लेयर्डनें ही तक्रार स्पष्ट शब्दांत नोंदविली आहे. वाळवंटांतील लुटारूंनीं चटया पळविल्या, त्यांना त्या वस्तूंची किंमत ठाऊक नव्हती. मुंबईंत पेट्या उघडणारे लोक शिकलेले होते. त्यांच्या जिज्ञासेला मी दोष देत नाहीं. निनेवेचीं नांवें बायबलांत वाचलेल्या माणसाला दारांतून चाललेली ती पेटी उघडावीशी वाटणें स्वाभाविकच आहे. पण ज्यानें पेटी भरली, त्यानें कोणती वस्तु कोणत्या पोकळींत कां बसविली, हें उघडणाऱ्याला ठाऊक नसतें. पहिली बांधणी विचारानें होते, दुसरी घाईनें. आज मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत निमरूदचे शिलापट्ट पाहतांना हें प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाहीं.

खोर्साबादेस बोत्ताच्या मागून आलेला व्हिक्तोर प्लास इतका सुदैवी नव्हता. मे १८५५ मध्यें त्याचा माल एक होडी व कांहीं तराफे यांवर लादून बगदादहून निघाला. तैग्रिस व युफ्रातिस यांच्या संगमाजवळ, कुर्ना येथें, टोळीवाल्यांनीं हल्ला केला. होडी बुडाली, तराफेही गेले. दोनशेंहून अधिक पेट्या तळाशीं गेल्या. वृषभाची एक मूर्ति व एक दैवी पुरुषाची मूर्ति एवढ्याच मोठ्या वस्तु वांचून पुढें पॅरिसला पोंचल्या. त्या पेट्यांची बांधणी कशी होती, हा प्रश्नच उरला नाहीं. १९७१-७२ मध्यें एका जपानी मंडळीनें त्या ठिकाणीं नदीचा तळ धुंडाळला. हातीं कांहीं लागलें नाहीं.