शाळा कुरणात गेली, त्याची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज डहाणूच्या बाजूला जायचंय.

हल्ली शहरात ‘नेचर स्कूल’च्या जाहिराती दिसतात. मुलं चिखलात खेळतात, झाडाखाली बसून पानं मोजतात. फी बघितली की आपणच झाडाखाली डोकं धरून बसतो. हेच काम आपल्याकडे साठ-सत्तर वर्षांपूर्वी आदिवासी पाड्यांवर चालू होतं. फक्त कारण फार वेगळं होतं.

ताराबाई मोडक, जन्म १८९२. १९२०च्या दशकात त्या भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम करत होत्या. माँटेसोरी पद्धत आपल्या घरांना मानवेल अशी कशी करायची, हा तिथला खटाटोप. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पण बालशिक्षण म्हणजे तेव्हा बहुतेक शहरातली, बऱ्या घरातली मुलं. ते खेड्यात न्यायचं म्हणून १९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचं लहानपणीच लग्न झालेलं आणि लहानपणीच वैधव्य आलेलं. त्यानंतर शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

योगायोग बघा, त्याच १९४५ साली याच पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उठले होते. हे डोक्यात ठेवा. ज्या घरात मोठी माणसंच वेठीला जुंपलेली, तिथलं मूल सकाळी पाटी घेऊन कुठून येणार?

बोर्डीत आधी बालवाडी काढली. मुलं येईनात. मग बायांनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना गोळा करायचं, न्हाऊ-माखू घालायचं, मग गाणी, गोष्टी, खेळ. ती अंगणवाडी. आज सगळ्या देशाला ठाऊक असलेला शब्द तो हाच.

१९५७च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. आता अडचण आणखी वाढली, कारण वारली मुलं अंगणातसुद्धा सापडेनात. थोडी मोठी झाली की ती गुरं घेऊन रानात. धाकटं भावंड कडेवर, ते वेगळंच. मग शिक्षक गुरांच्या मागे कुरणात गेले. नाव पडलं कुरणशाळा! गुरं चरतायत आणि तिथेच बसून शिकणं चाललंय. (आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं याच्या उलट असतं. युजर येत नाही म्हटलं की आम्ही त्याला अजून चार नोटिफिकेशन पाठवतो.)

साहित्याचं काय? माँटेसोरीची लाकडी साधनं महाग. मग खडे, बिया, पानं, काटक्या, शिंपले. मोजणी त्यावर, लहान-मोठं त्यावर, रंग आणि आकारही त्यावरच. मला यातली खरी गंमत वाटते ती अशी, की या मुलांना निसर्ग ‘दाखवायचा’ नव्हताच. कुठलं झाड कधी फुलतं, हे त्यांना आधीच माहीत होतं. शिक्षकाने फक्त त्या माहितीला शाळेत किंमत दिली. शहरातल्या नेचर स्कूलमध्ये आणि कुरणशाळेत मला हाच मोठा फरक दिसतो.

म्हणून हे सगळं रम्य समजू नका. ते मूल रानात होतं, कारण घराला त्याच्या कामाची गरज होती. कुरणशाळेने ती गरज संपवली नाही, तिच्याशी जमवून घेतलं. कुणी म्हणेल, ही तडजोड झाली. हो, झाली. पण ‘आधी गुरं सोडा, मग शिका’ म्हणत बसलं असतं, तर ती पिढी पाटीशिवायच मोठी झाली असती.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. त्या १९७३ला गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. कुरणशाळा हा शब्द मात्र तसा देशभर पोचला नाही. अनुताई शेवटपर्यंत, म्हणजे १९९२पर्यंत, त्याच कामात राहिल्या. ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मचरित्र लायब्ररीत मिळालं तर सोडू नका.

पुढच्या भागात भावनगरला जाऊ, गिजुभाईंकडे. तोवर काळजी घ्या!