भूक, मेंदू आणि लिंगभेद : संशोधनाच्या इतिहासाचे टिपण

मेंदूतील एका लहानशा भागाचा लठ्ठपणाशी थेट संबंध आहे, हे प्रयोगाने ठसवले ते १९४० मध्ये. हेदरिंग्टन आणि रॅन्सन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये नेमक्या जागी इजा केली आणि ते उंदीर बेसुमार लठ्ठ झाले. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बी. के. आनंद व ब्रोबेक यांनी त्याच्या बाजूच्या भागाला इजा केली, तेव्हा उंदरांनी खाणेच सोडले. हे आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

एक केंद्र 'खा' म्हणणारे, दुसरे 'पुरे' म्हणणारे. नियंत्रण प्रणाली शिकवणाऱ्याला हे चित्र फार आवडते, कारण ते थर्मोस्टॅटसारखे आहे. पण या थर्मोस्टॅटमध्ये नर आणि मादी असा फरकच नव्हता.

तो फरक असतो, याचा पुरावा फार उशिरा आला असेही नाही. १९७० मध्ये वेड व झुकर यांनी मादी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये इस्ट्रोजेन ठेवले, तर त्यांचे खाणे कमी झाले. तरीही प्रयोगशाळा नरांवरच भर देत राहिल्या. माद्यांच्या संप्रेरकचक्रामुळे आकडे विस्कळीत होतात, ही सबब. याच झुकर यांनी बीरी यांच्यासह २०११ मध्ये हिशेब मांडला : मेंदूविज्ञानात केवळ माद्यांवरील एका अभ्यासामागे केवळ नरांवरील साडेपाच अभ्यास होते! दरम्यान २००३ मध्ये क्लेग व सहकाऱ्यांनी दाखवले होते की नर उंदरांचा मेंदू इन्सुलिनला, तर माद्यांचा लेप्टिनला अधिक प्रतिसाद देतो. म्हणजे 'चरबी पुरेशी आहे' हा निरोप दोघांत वेगळ्या वाटेने पोचतो.

माणसांवरचा गाजलेला प्रयोग २००९ चा, ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील वांग यांच्या गटाचा. उपाशी असलेल्या १३ स्त्रिया व १० पुरुषांसमोर त्यांचे आवडते पदार्थ ठेवले आणि इच्छा दाबायला सांगितले. पेट स्कॅनमध्ये पुरुषांच्या अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस आदी भागांतील सक्रियता घटली. स्त्रियांच्या घटली नाही. यावरून स्त्रियांमधील स्थूलतेविषयी अनुमान काढले गेले. विद्यार्थ्यांनी येथे थांबावे. सहभागी अवघे २३, तेही स्थूल नव्हते. आणि पेट स्कॅन मोजतो तो ग्लुकोजचा वापर, मनोनिग्रह नव्हे. 'बायकांना जिभेवर ताबा नाही' या जुन्या टोमण्याला हा प्रयोग आधार देत नाही.

२०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनुदान मागणाऱ्यांना, प्राण्यांवरील संशोधनातही लिंग हा घटक विचारात घेणे बंधनकारक केले.