कमवा आणि शिका : साताऱ्यातील एका हायस्कुलाची पूर्वपीठिका

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात विविध जातिधर्मांच्या मुलांना एकाच छताखाली ठेवणारे वसतिगृह सुरू केले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुले एका पंक्तीला जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतःच करीत, ही गोष्ट त्या काळी पाठ्यपुस्तकातील कोणत्याही धड्यापेक्षा अधिक क्रांतिकारक होती. खर्चाची तोंडमिळवणी मात्र सदैव कठीण असे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने मोडले, तर गावोगावच्या घरांतून ‘मुष्टिफंड’, म्हणजे दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ते वसतिगृहासाठी देण्याची पद्धत, रूढ झाली. धनिकांच्या देणग्यांइतकेच किंबहुना अधिक महत्त्व या धान्याला द्यावे लागते, कारण त्यामुळे शाळा गावाची झाली.

याच अनुभवावर 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उभे राहिले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेनुसार, म्हणजे शुल्काऐवजी श्रम देऊन, तेथे माध्यमिक शिक्षण घेता येई. भाऊरावांच्या छायेत वाढलेल्या विद्यार्थ्यांपैकी बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तथापि खेड्यांत परतून शिक्षक झालेल्या, बहुधा अनामिकच राहिलेल्या माजी विद्यार्थ्यांमुळे संस्थेच्या शाळांचा विस्तार शक्य झाला.