वऱ्हाडातील वनवर्ग आणि परिसंस्थेचा विचार : आर्णी परिसराच्या संदर्भात

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे गाव अरुणावतीच्या काठी, यवतमाळहून माहूरकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले आहे. या परिसराच्या भूमीचे स्थूलमानाने तीन थर पडतात. नदीनाल्यांच्या काठी खोल काळी कापसाची जमीन, टेकड्यांवर सागाचे शुष्क पानझडी वन, आणि या दोहोंमधील उतारांवर मुरमाड गवताळ माळ. टेकडीवर पडलेले पाणी माळाच्या गवतात मुरत, नाल्यांवाटे अरुणावतीत आणि अखेर पैनगंगेत जाते. वन, माळ आणि शेत यांचा संबंध असा निसर्गानेच जोडून दिलेला आहे. राज्यव्यवहारात तो कसा तुटला आणि पुन्हा जोडण्याचा विचार कोठवर आला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश होय.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोचला, आणि प्रांतात कापसाखालील क्षेत्र वाढत जाऊन माळालाही नांगर लागला. १८८६ मध्ये वऱ्हाडचा वनकायदा झाला. त्या व्यवस्थेत सरकारी वनांचे तीन वर्ग मानले गेले : इमारती लाकूड व सरपण यांसाठी 'अ', वैरणीच्या रमण्यांसाठी 'ब' आणि चराईसाठी 'क'. भूमीवर काय जगते याचा विचार या वर्गवारीत गौण होता. तिच्यातून काय घ्यावयाचे, हाच तिचा निकष होता. साहजिकच सागाला संरक्षण लाभले आणि चराऊ माळ उतरंडीच्या तळाशी गेला. गावच्या चराऊ सरकारी जमिनीस वऱ्हाडात आजही 'ई-क्लास' असेच म्हणतात. दप्तरातील अक्षर बोलीत किती खोल रुजते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

येथे 'जंगल' या शब्दाचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'आनूप' म्हणजे पाणथळ, दाट झाडीचा प्रदेश आणि 'जांगल' म्हणजे अल्पजल, विरळ झाडीचा, मोकळा प्रदेश; हरणांचे ते वसतिस्थान. पुढे देशी भाषांत 'जंगल' म्हणजे दाट अरण्य असा अर्थ रूढ झाला. ज्या मोकळ्या भूमीवरून शब्द आला, तीच भूमी शब्दाच्या अर्थातून बाहेर पडली व 'पडीक' या सदरात गेली. जे जंगल नव्हे त्याच्या रक्षणाची निकड कोणास भासणार?

या माळावर केवळ वन्य प्राण्यांचाच निर्वाह होत असे असे नाही. बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहणारे बंजारा तांडे चराईच्याच आधारे फिरत. लोहमार्गाने त्यांचा व्यापार ओसरला. आर्णी, दिग्रस, पुसद या बाजूस तांडे स्थिरावले आणि त्यांतील पुष्कळांना शेतीकडे वळावे लागले. म्हणून माळ मोडल्याचा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे इतिहासास धरून होणार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात संरक्षणाचा हेतू बदलला. रीत मात्र सीमा आखण्याचीच राहिली. १९९६ मध्ये सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचे पैनगंगा अभयारण्य आणि १९९७ मध्ये सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर अभयारण्य घोषित झाले. टिपेश्वरात वाघ वाढले, हे या प्रयत्नाचे यश निःसंशय मोठे आहे. परंतु मधला माळ आक्रसला की गुरे वनात शिरतात, रोही व रानडुकरे पिकांत उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग वाघ गावाच्या शिवेवर येतो. राळेगाव व केळापूर तालुक्यांच्या परिसरातील तेरा मृत्यूंस जबाबदार धरलेली 'अवनी' वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली. बळी पडलेल्यांत गुराखी व शेतकरी होते, आणि हा सारा प्रकार अभयारण्याच्या सीमेबाहेर घडला. पुढच्याच वर्षी टिपेश्वरातून निघालेला एक तरुण वाघ शेतांतून, नाल्यांच्या काठांनी सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पहिल्या घटनेने सीमेची मर्यादा दाखविली. दुसरीने सीमांमधील भूमीचे महत्त्व.

'परिसंस्था' ही संज्ञा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टान्सली याने १९३५ मध्ये रूढ केली. रिओ येथील १९९२ च्या जैवविविधता करारातील सदस्य राष्ट्रांनी मे २००० मध्ये नैरोबी येथे परिसंस्थाधिष्ठित दृष्टिकोनाची बारा तत्त्वे स्वीकारली. व्यवस्थापन शक्य तितके स्थानिक पातळीवर न्यावे, शेजारच्या परिसंस्थांवरील परिणाम जमेस धरावेत, आणि शास्त्रीय ज्ञानाबरोबर लोकांचे परंपरागत ज्ञानही विचारात घ्यावे, ही त्यांपैकी तीन होत. भारतात २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगाव व्यवस्थापन समित्या व लोकजैवविविधता नोंदवह्या आणल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मान्य केले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला.

आर्णीसारख्या परिसरात या विचाराचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. नियोजनाचे एकक वनखंड न मानता नाल्याचे पाणलोट मानावे लागेल. उरलेल्या चराऊ जमिनी, चारणाऱ्यांचा हक्क राखून, पुन्हा गवताखाली आणाव्या लागतील. नोंदवहीत गवतांची व पाखरांची नावे मराठीप्रमाणेच गोरमाटी, कोलामी व गोंडीतूनही उतरावी लागतील. कारण नावाबरोबर त्या वस्तूच्या ऋतूचे, स्थानाचे आणि उपयोगाचे ज्ञान टिकते. वऱ्हाडच्या वनव्यवस्थेने 'क' हे अक्षर ज्या भूमीस दिले, ती वस्तुतः वन आणि शेत यांचा सांधा होती. तो सांधा निखळल्याची किंमत आज गुराखी आणि वाघ दोघेही मोजीत आहेत.