घरची बिअर विमानातून : बाटली काय सोसते, कायदा काय सांगतो?

मराठवाड्यातील तालुक्यांच्या गावांतूनही आता शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने तरुण अमेरिका, इंग्लंड गाठतात. तेथे घरी बिअर तयार करणे हा अनेकांचा रविवारचा छंद आहे. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरगुती वापरासाठी बिअर करण्यास परवान्याची गरज उरलेली नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संघराज्य पातळीवर एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या कुटुंबाला २०० गॅलनपर्यंत मुभा मिळाली. सुटीत गावी येताना स्वतःच्या हातची एखादी बाटली सोबत घ्यावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र परदेशातून कळमनुरीपर्यंत येताना त्या बाटलीला विमान सुरक्षा, सीमाशुल्क आणि राज्याचा दारूबंदी कायदा अशा तीन निरनिराळ्या चौकटींतून जावे लागते.

विमानाचे नियम

ऑगस्ट २००६ मध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील सामानातील द्रव पदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आली. त्यामुळे बिअरची बाटली बहुतेक ठिकाणी सुरक्षा तपासणीपलीकडे हातात नेता येत नाही. ती विमान कंपनीकडे सोपवायच्या बॅगेतच ठेवावी लागते.

आंतरराष्ट्रीय हवाई नियमांनुसार ७० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले मद्य नेण्यास मनाई आहे. २४ ते ७० टक्क्यांच्या दरम्यानचे मद्य दुकानातील मूळ वेष्टनात, प्रतिप्रवासी ५ लिटरपर्यंतच नेता येते. बिअरमध्ये अल्कोहोल साधारणतः चार ते आठ टक्के असते. त्यामुळे ती या धोकादायक पदार्थांच्या मर्यादेत येत नाही. तरीही कंपनीचे स्वतःचे नियम आणि बॅगेच्या वजनाची मर्यादा आधी तपासणे श्रेयस्कर.

बाटली फुटते कशामुळे?

उंचीवरील कमी दाबामुळे बाटली फुटते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात प्रवासी विमानातील सामानाच्या कक्षातही दाब राखलेला असतो. तो समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण पावपट कमी होतो. बिअरच्या बाटलीतील वायूचा दाब मुळातच याहून कितीतरी अधिक असल्याने या फरकाने सुस्थितीतील बाटलीला सहसा धोका नसतो.

खरा धोका उष्णता, धक्के आणि जिवंत यीस्ट यांचा असतो. कारखान्यातील बिअर बहुधा गाळलेली वा तापवून यीस्ट निष्क्रिय केलेली असते. घरच्या बिअरमध्ये फेस यावा म्हणून बाटली बंद करताना थोडी साखर घालतात. बाटलीतील यीस्ट ती साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते. एका लिटरमागे सुमारे चार ग्रॅम साखरेपासून बिअरच्या आकारमानाइतका वायू तयार होतो. आंबण्याची क्रिया पुरी होण्याआधीच बाटली भरली, तर उरलेली साखरही वायूत रूपांतरित होते आणि दाब वाढत जातो. मराठवाड्यातील चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली अशी बाटली स्फोटासारखी फुटू शकते.

त्यामुळे आंबण्याची क्रिया पूर्ण झाल्याची खात्री करूनच बाटली भरावी आणि काही आठवडे मुरू द्यावी. निघण्यापूर्वी ती चांगली थंड करावी. जाड काचेची, खास बिअरसाठी बनविलेली बाटली घ्यावी. पातळ काचेच्या सरबताच्या बाटल्या या कामाच्या नाहीत. प्रत्येक बाटली दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून, कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवावी. बाटल्या एकमेकींना वा बॅगेच्या कडेला टेकू देऊ नयेत. आतील पदार्थाचे नाव आणि अल्कोहोलचे प्रमाण लिहिलेली चिठ्ठी बाटलीवर चिकटविल्यास तपासणीत प्रश्न कमी येतात.

सीमाशुल्क आणि राज्याची वेस

भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य, वाइन वा बिअर शुल्काविना आणता येते. त्याहून अधिक असल्यास लाल मार्गिकेत जाऊन ते जाहीर करणे बंधनकारक आहे.

सर्वांत कठीण टप्पा मात्र विमानतळाबाहेर सुरू होतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या व्याख्येत बिअर आणि ताडीसह अल्कोहोल असलेले सर्व द्रव 'मद्य' ठरतात. कलम १२ अन्वये परवान्याविना मद्य तयार करणे, राज्यात आणणे, वाहून नेणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणजेच परदेशात छंद म्हणून मान्य असलेली कृती कळमनुरीतील घरात केल्यास कायद्याच्या दृष्टीने ती हातभट्टीच्याच रांगेत बसते. बिअरसाठी किमान वय २१ वर्षे असून मद्यसेवनाचा वैयक्तिक परवानाही लागतो.

हिंगोली-नांदेड मार्गावरील कळमनुरीला सर्वांत जवळचा विमानतळ नांदेडचा. परदेशातून येणारे अनेक जण हैदराबादला उतरून रस्त्याने येतात. अशा वेळी तेलंगणाची सीमा ओलांडताच महाराष्ट्राचा कायदा लागू होतो. गोव्याहून स्वस्त दारू आणणाऱ्यांवर राज्य उत्पादन शुल्क विभाग कारवाई करतो, ती याच तत्त्वावर. अहमदाबाद वा पाटण्याहून येणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी आहे, तर बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून संपूर्ण बंदी आहे.

मुंबईतील मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. मिथेनॉल मिसळलेली ती दारू आणि धान्य आंबवून केलेली बिअर यांत रासायनिकदृष्ट्या मोठे अंतर आहे. मात्र चिठ्ठी नसलेल्या बाटलीत नेमके काय आहे, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याला नुसते पाहून कळत नाही. त्यामुळे बाटली बॅगेत ठेवण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात परवान्याची चौकशी करणे हिताचे. परवाना मिळत नसेल, तर घरची बिअर जिथे तयार झाली तिथेच मित्रांसोबत संपविणे, हाच निर्धोक मार्ग.