दोन रिकाम्या ओळी : शुभेच्छापत्राचा इतिहास

आजचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. सणासुदीला आप्तेष्टांना पाठवलं जाणारं शुभेच्छापत्र, म्हणजे आपलं नेहमीचं ग्रीटिंग कार्ड. तत्त्वज्ञानाच्या माणसांनी यात कशाला पडावं, असं कुणी विचारेल. पडावं ते एका प्रश्नासाठी: दुसऱ्याने लिहिलेल्या, हजारोंनी छापलेल्या शब्दांतून आमची भावना खरेपणाने पोचते का? उत्तराची घाई नको. आधी इतिहास पाहू.

१८४० पूर्वीच्या ब्रिटनमध्ये पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणारा भरायचा. ते किती, हे अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचं. गरिबाच्या दारी पत्र आलं की आनंदाआधी खर्चाचा धसका. रोलंड हिल यांच्या योजनेप्रमाणे जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागलं. या सुधारणेसाठी झटणाऱ्यांत हेन्री कोल होते. लंडनचं आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे ना, त्याचे पुढे हेच पहिले संचालक झाले.

आता गंमत बघा. टपाल स्वस्त झालं तशी पत्रं वाढली, आणि आलेल्या पत्राला उत्तर देणं हा शिष्टाचार. नाताळ जवळ आला की कोल यांच्यासारख्या गोतावळ्याच्या माणसासमोर उत्तरांचा ढीग. १८४३ साली त्यांनी यावर तोड काढली. जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र करून घेतलं आणि ते छापून, हाताने रंगवून घेतलं. मधोमध मेजाभोवती बसलेलं कुटुंब हातात पेले घेऊन शुभ चिंतत आहे. दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारी माणसं. चित्रात एका लहान मुलीला मद्य पाजलेलं दिसतं, म्हणून दारूबंदीवाले चिडले, तो भाग वेगळा. उरलेल्या प्रती एकेक शिलिंगाला विकायला ठेवल्या. शिलिंग म्हणजे बारा पेनी. एका कार्डाच्या किमतीत बारा पत्रं गेली असती! तेव्हा ही सामान्यांची चीज नव्हती.

पण आमचं लक्ष वेधून घेतात त्या कार्डावरच्या दोन जागा. शुभेच्छेचं वाक्य छापील, सगळ्यांना सारखं. वर मात्र एक ओळ रिकामी: कोणास. खाली दुसरी रिकामी: कोणाकडून. त्या दोन ओळी हातानेच भरायच्या. हे ध्यानात ठेवा, आपण तिथे परत येणार आहोत.

१८७० मध्ये ब्रिटनमध्ये कार्डाचं टपाल अर्ध्या पेनीवर आलं. रंगीत छपाईही स्वस्त होत गेली. अमेरिकेत बोस्टनला लुई प्रँग या जर्मनीहून आलेल्या छापखानदाराने १८७०च्या दशकात सुबक रंगीत कार्डं काढली, आणि हा धंदा तिकडे रुजला. कार्डं वाढली तशी टपालावरच्या ताणाबद्दल कुरकुरही सुरू झाली.

आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाण्याची सोय झाली. १८७९ साली पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं पोस्टकार्ड आलं. पुढे दिवाळीची कार्डं रूढ झाली. पाकिटाचं तोंड न चिकटवता नुसतं आत खोचायचं, कमी तिकिटात बुकपोस्टाने धाडायचं, ही काटकसर आमच्या पिढीला पाठ आहे. मराठी घरांनी यात आपली भर घातली ती संक्रांतीला. छोट्याशा कार्डाबरोबर हलव्याचे चार दाणे. वाटेत ठसे बसून त्यांचा कधी भुगाही व्हायचा, पण तो भुगा जिभेवर ठेवूनच कार्ड वाचलं जायचं. तारखात्याने तर कमाल केली होती. शुभेच्छांची वाक्यं आधीच ठरवून त्यांना क्रमांक दिलेले. आपण फॉर्मवर नुसता आकडा लिहायचा आणि पलीकडे पुरं वाक्य उमटायचं. २०१३ च्या जुलैत तारसेवाच बंद झाली.

आता मूळ प्रश्न. क्रमांकाने पाठवलेली शुभेच्छा खोटी का? जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने दाखवून दिलं की काही वाक्यं माहिती सांगत नाहीत, ती उच्चारणं हीच एक कृती असते. आभार मानणं, वचन देणं, शुभ चिंतणं ही त्यातलीच. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे वाक्य आपल्यापैकी कुणी रचलेलं नाही, तरी ते उसनं आहे म्हणून कुणी तिळगूळ नाकारत नाही. शब्द तयार असले तरी चालतं. कृतीला मात्र कर्ता लागतो, आणि ती ज्याच्यासाठी आहे तो माणूस लागतो. हेन्री कोल यांच्या कार्डावरच्या त्या दोन रिकाम्या ओळी म्हणजे नेमकं हेच.

त्या ओळींची ताकद किती? १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या फिलिप कुन्झ या समाजशास्त्रज्ञाने पूर्णपणे अनोळखी अशा शेकडो लोकांना नाताळची कार्डं पाठवली. अनेकांनी उलट कार्डं धाडली! आपलं नाव घालून कुणीतरी आठवण काढली, एवढं कारण त्यांना पुरलं.

दिवाळीआधी घरोघर पत्त्यांची वही निघायची. यंदा कुणाला पाठवायचं, कुणाचा पत्ता बदलला, कुणाच्या नावावर आता रेघ मारायची, हे सगळं तिथे ठरायचं. वर्षातून एकदा एकेका माणसापाशी थांबावं लागे. रेघ मारतानाही थांबावं लागे.

आज मोबाइलवर एका बोटाने दोनशे जणांना दिवा उजळलेलं चित्र जातं. त्यातले शब्द तयार असतात ही तक्रार आम्ही करणार नाही, ती कार्डावरही करता येत होती. आमची अडचण वेगळी आहे. पाठवताना त्या दोनशेंतला एकही माणूस डोळ्यांसमोर येत नाही, आणि घेणाऱ्यालाही ते कळतं. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या फोनवर सणाच्या सकाळी चाळीस संदेश येतात, आणि त्यातल्या एकातही त्याचं नाव नसतं. हे एकटेपण आपल्या वयाच्या श्रोत्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून कार्डं पुन्हा आणा, असा आग्रह नाही. चित्र खुशाल तयार घ्या, वाक्यही घ्या. वरची ओळ मात्र हाताने भरा: काका, मावशी, जुना शेजारी, जे असेल ते नाव. दोनशे जणांसाठी जमणार नाही, हे उघड आहे. मग वीस जणांसाठी करा. ते वीस कोण, हे ठरवताना जो विचार करावा लागेल, तीच खरी शुभेच्छा.

आता आपण प्रश्नांकडे वळू.